न सरकणारा ठिपका

बिसीमामा कोणाच्याही घरी गेला की आधी उजव्या हाताची पाठ पुढे करायचा, नमस्कार-चमत्कार त्यानंतर. कापीचा, म्हणजे कॉफीचा, स्टीलचा लोटा समोर आला तरी तो लगेच उचलत नसे. हाताची पाठ लोट्यापासून जराशी लांब धरायची, डोळे अर्धवट मिटायचे, आणि मग निकाल द्यायचा: पिण्याजोगी आहे, की पुन्हा गॅसवर पाठवायची. भिंत, इस्त्री, टीव्हीची मागची बाजू, तापाने फणफणलेल्या मुलाचं कपाळ, सगळ्यांची परीक्षा याच पद्धतीने. तळहातावर त्याचा भरवसा नव्हता. "तळहात कामं करून निबर होतो, अक्का. पाठ बिचारी रिकामी बसलेली असते, म्हणून तिला सगळं कळतं."

इरा, निहार, तुमचे बाबा कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी मी विचारलं, दिवसभर कुठे होतास? तर म्हणाले, घरीच, अभ्यास करत होतो. मामा नेमका तेव्हाच अंगणातून आत येत होता. येताना स्कूटरच्या इंजिनाजवळ हात धरून आला होता. काही न बोलता पाटावर बसला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "अभ्यास बराच तापलाय रे. स्वल्प निवू दे, मग जेव." तुमच्या बाबांनी त्यानंतर स्कूटर घरापासून लांब उभी करायला सुरुवात केली. खोटं बोलणं थांबलं नाही, पण चालणं वाढलं.

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. नाव यशवंत. आपल्या घराण्यातले पुरुष कधीकाळी म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही मराठी बोलतो, निदान आम्हांला तसं वाटतं. त्यातले अर्धे शब्द कन्नडचे असतात, हे पुण्याचे पाहुणे आले की कळतं. बिसी म्हणजे गरम. यशवंताला पाणी बिसी लागे, भात बिसी लागे, कापी तर जिभेला चटका बसेल इतकी बिसी लागे. माझ्या मुलांनी त्याचा बिसीमामा केला आणि पुढे कोणीही त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

तुमच्या आईबाबांच्या लग्नात तुमच्या पुण्याच्या आजीने हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांना वाटलं, भिशीमामा. म्हणजे हे गृहस्थ भिशी चालवत असणार. पंगत उठल्यावर त्या त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आमचंही एक नाव घाला की तुमच्यात." मामाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "घालतो ना, विहीणबाई. पण आमच्या भिशीत प्रत्येकाला एकच गोष्ट मिळते. कापी. आणि तीही गरम असली तरच घ्यायची." त्या बाईंना खुलासा मी केला. आमचं घर विक्षिप्त आहे असं त्यांचं तेव्हा जे मत झालं, ते अजून आहे, आणि माझी त्याला हरकत नाही.

मिसरूड फुटायच्या वयात तो वायुदलात गेला. तिथे तो विमानं उडवत नव्हता. विमानाच्या पंखाखाली जी क्षेपणास्त्रं टांगतात, शत्रूच्या विमानाची उष्णता हुंगत जाणारी, त्यांची डोकी तपासण्याचं काम त्याच्याकडे होतं. नोकरीत असेपर्यंत तो त्याबद्दल अक्षर बोलला नाही. सुट्टीवर आला की गल्लीतले लोक विचारत, "किती पाडली, यशवंतराव?" तो म्हणे, "मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. डोळे तपासतो आणि घरी येतो." निवृत्त झाल्यावर, या सगळ्या गोष्टी आता पाठ्यपुस्तकांत छापून येतात असं कळलं, तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं. मग मात्र ते बंद करणं अवघड झालं.

मी इंग्रजी शिकवणारी बाई. यंत्र म्हटलं की माझं लक्ष उडतं. तरी त्याने सांगितलेलं मला आजही ओळीने सांगता येतं, याचं श्रेय त्याला आणि आमच्या जुन्या टेबलफॅनला. एकदा वीज कमी दाबाने येत होती आणि फॅन रखडत फिरत होता. मामाने फॅनमागे एक दिवा लावला आणि मला या बाजूला बसवलं. "काय दिसतं?" मी म्हटलं, दिवा लुकलुकतोय. "आणि मागची भिंत?" भिंत लुकलुकत नव्हती. ती मोठी, सगळ्या पात्यांमागे सारखीच पसरलेली. "झालं," तो म्हणाला. "क्षेपणास्त्राच्या नाकात असंच आहे. पुढे घुमट. साध्या काचेचा नाही, ती उष्णता आत येऊ देत नाही. आत आरसा, आणि आरशासमोर फिरणारी एक चकती. अर्ध्या चकतीवर काळे पट्टे, अर्धी साधी धुरकट. विमानाच्या मागचा गरम झोत म्हणजे लहानसा ठिपका, म्हणून तो पट्ट्यांमधून लुकलुकतो. उन्हाने तापलेला ढग मोठा, तो लुकलुकत नाही. आणि चकतीच्या फेरीत लुकलुक कोणत्या वेळी आली, त्यावरून ठिपका डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, ते कळतं."

मग त्याने फॅन बंद केला आणि विचारलं, कापी आहे का. प्रत्येक धड्याची ती फी होती.

त्याची दुसरी एक शिकवण मला जास्त उपयोगी पडली. उष्णता ओळखणारा तो आतला कण, मोहरीएवढा, तो स्वतः थंडगार असावा लागतो. बाटलीतला वायू सोडून त्याला बर्फाहून कितीतरी थंड करतात. तोच तापलेला असेल तर त्याला स्वतःचीच ऊब दिसत राहते, दुसऱ्याची दिसत नाही. "समोरच्याचं तापणं बघायचं असेल तर आपण आधी निवावं लागतं, अक्का," हे तो दर भांडणात सांगे. घरातल्या सगळ्यांना त्या वाक्याचा कंटाळा आला होता. एकदा मी वैतागून म्हटलं, मग तुला सगळं बिसी का लागतं? तर म्हणाला, "सगळा जन्म दुसऱ्याला गार करण्यात गेला. आता मला जरा ऊब द्या की."

एकदा मात्र तो हसला नाही. कोणीतरी विचारलं, ते अस्त्र शत्रूला ओळखतं कसं? मामाने लोटा खाली ठेवला. "ओळखत नाही," तो म्हणाला. "ते आंधळं नाही, पण त्याला ओळख नाही. गरम तेवढं कळतं. कोणाचं ते कळत नाही, आत कोण बसलंय तेही कळत नाही. ते मला कळायचं." एवढं बोलून तो उठला आणि अंगणातल्या नळावर पाय धूत बसला. हा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

निवृत्तीनंतर तो हुणसूरला राहिला. तिथे तंबाखूची शेती. पानं वाळवायच्या बंद खोल्यांना तिकडे बार्न म्हणतात. आतली उष्णता थोडी चुकली की वर्षाचं पीक काळं पडतं. मामा शेतकऱ्यांची थर्मामीटरं दुरुस्त करून द्यायचा, आणि अर्थात भिंतींना हाताची पाठ लावत फिरायचा. लग्न त्याने केलं नाही. कारण विचारलं की म्हणे, "मुलगी बघायला गेलो, तिथे कापी गार होती." शनिवारी लाल बसने आमच्याकडे यायचा, रविवारी जायचा.

आता नेम धरण्याबद्दल. हे नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

तुमचे बाबा गाडी चालवायला शिकत होते, तेव्हा मामा शेजारी बसायचा. बाजूच्या रस्त्याने लॉरी येताना दिसली की तो म्हणे, "लॉरीकडे बघू नको. खिडकीच्या काचेत ती कुठे आहे ते बघ. काचेत पुढे सरकत असेल तर ती आपल्या आधी निघून जाईल. मागे सरकत असेल तर आपण आधी जाऊ. पण काचेत एकाच जागी राहून नुसती मोठी होत असेल तर ब्रेक मार. ती आपल्यालाच भेटायला येतेय." बोटीवरच्या लोकांना हा नियम फार जुन्या काळापासून माहीत आहे, असंही तो सांगायचा.

क्षेपणास्त्र हेच उलटं करतं. त्याला धडक हवीच असते. म्हणून ते विमानाकडे तोंड करून धावत नाही. "सायकलमागे कुत्रं धावतं, तसं धावलं तर जन्मभर शेपटीमागेच राहील," मामा म्हणे. त्याचा डोळा भोवऱ्यावर बसवलेला असतो, अंग कितीही हललं तरी डोळा ठिपक्यावर. नजरेची ती रेषा जराशी डावीकडे वळली की ते छोट्या पंखांनी त्याच बाजूला स्वतः वळतं, रेषेच्या काही पट जास्त. रेषा वळायची थांबेपर्यंत. ती थांबली की समजायचं, वाट बरोबर आहे. "तोंड एकीकडे, डोळा एकीकडे. लग्नात मुली हेरणाऱ्या बायकांसारखं. आणि जातं कुठे? जिथे विमान अजून आलेलंच नाही तिथे."

या ज्ञानाचा त्याला रोजच्या जगण्यात फायदा झाला असं म्हणवत नाही. एकदा त्याची हुणसूरची बस सुटली. वळणापुढे ती कुठे असेल याचा विचार करून तो शेतातून तिरपा धावला आणि अगदी वेळेवर रस्त्याला लागला. बस समोरून आली, मोठी होत होत आली, आणि न थांबता निघून गेली. संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन तो परत आमच्याकडे. "गणित बरोबर होतं, अक्का. स्टॉप नव्हता एवढंच."

तुमचे आजोबा बेळगोळच्या एका कारखान्यात फोरमन होते. हूटगळ्ळीला आपण घर बांधलं तेव्हा आजूबाजूला मोकळी रानं होती, आणि ते सायकलवर मधल्या पायवाटेने कामावर जात. निवृत्तीनंतर बरीच वर्षं बरी गेली. मग नावं जायला लागली, मग वेळा. सकाळी जेवण झाल्यावर ते विचारत, आज जेवायचं नाही का? रात्री उठून दाराची कडी चाचपत. मी दाराला कुलूप लावायला लागले. किल्ली माझ्या कमरेला असायची आणि झोप नावालाच. कोणावर रागावू, तेही कळत नव्हतं. थकवा असा होता की अंघोळ करतानाही बसावंसं वाटे.

तुमचे बाबा दर रविवारी परदेशातून फोन करत. त्यांनी बंगळूरच्या रस्त्यावर एक ठिकाण बघून ठेवलं होतं. अशा माणसांची काळजी घेणारं, कुंपण असलेलं, नर्सबाया असलेलं. "आई, बाबा एक दिवस बाहेर पडतील आणि सापडणार नाहीत. मी इथून काय करू शकतो?" त्यांचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. मनात माझं ठरलं होतं. हो म्हणायचं होतं.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी आजोबांना कापी दिली आणि टेबलावर डोकं टेकलं. कुलूप लावायचं राहिलं होतं. जाग आली ती बिसीमामाच्या हाकेने. तो हुणसूरच्या बसमधून उतरून पिशवी घेऊन दारात उभा होता आणि दार सताड उघडं होतं.

"अक्का, भावजी कुठे आहेत?"

मी घरभर धावले. मामा धावला नाही. कट्ट्यावर अर्धी कापी उरलेला लोटा होता. त्याने हाताची पाठ त्याच्याजवळ धरली.

"आता तरी ते पुरे कर," मी ओरडले.

"कोमट आहे," तो म्हणाला. "लांब गेलेले नाहीत. बेगा, लवकर चल."

शेजारचा मंजुनाथ मोटरसायकल घेऊन आला. "आंटी, टेन्शन तगोबेडी," काळजी करू नका, असं म्हणत त्याने फोनवरून सगळ्या गल्लीला कळवलं, आणि काही वेळात दहा दिशांना दहा मुलं गेली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने आजोबांना पाहिलं होतं. सगळे इस्त्रीवाल्याकडे धावले. तिथे आजोबा नव्हते. मग वळणावरच्या एळनीर विकणाऱ्या बाईने पाहिलं होतं. सगळे शहाळ्यांच्या ढिगाकडे धावले. तिथेही नव्हते. पलीकडे नव्या घरांच्या गल्ल्याच गल्ल्या, आणि त्यांच्या मागे रान. मोटरसायकली नुसत्या गोल फिरू लागल्या.

तेवढ्यात मंजुनाथचा फोन वाजला. हुणसूरकडच्या बसथांब्यावर एक म्हातारे गृहस्थ, पांढरा शर्ट, मोठमोठ्याने रडत बसमध्ये चढले. सगळ्या मुलांनी गाड्या तिकडे वळवल्या. मीही मंजुनाथच्या मागे बसायला निघाले. मामाने माझा दंड धरला.

"तो फटाका आहे, अक्का."

"कसला फटाका?"

"विमानवाले पाठलाग चुकवायला जळते फटाके सोडतात. ते विमानाहून जास्त गरम दिसतात. जुनी अस्त्रं फसायची. पण फटाका एकदम भडकतो आणि मागे पडतो. विमान आपल्या चालीने पुढेच जात असतं. तू सांग, भावजी मोठ्याने रडताना तू कधी पाहिलेस?"

पाहिले नव्हते. त्यांच्या आईच्या अंत्यविधीलाही नाही. तरीही मला ओरडावंसं वाटत होतं की हा तुझा धडा नाही, माझा नवरा आहे. मामा तोपर्यंत एळनीरवाल्या बाईसमोर उकिडवा बसला होता. ते कुठे गेले हे त्याने विचारलं नाही. कसे चालत होते, ते विचारलं.

"बेग बेग," ती म्हणाली. "ड्यूटिगे होगोहागे."

घाईघाईने, ड्यूटीवर निघाल्यासारखे. मामाने इस्त्रीवाल्याच्या टपरीकडे बघितलं, मग शहाळ्यांच्या ढिगाकडे, आणि दोघांना जोडणारी रेषा हाताने पुढे रानापर्यंत नेली. मग माझ्याकडे वळला. तोपर्यंत मलाही कळलं होतं. ती जुनी सायकलची पायवाट. रेषेच्या टोकाला बेळगोळ.

आम्ही रिक्षा केली आणि मोठ्या रस्त्याने थेट कारखान्याच्या फाटकासमोर गेलो. पायवाट जिथे रस्त्याला मिळते तिथे एक मोरी आहे. मामा तिच्या कठड्यावर बसला आणि मलाही बसवलं. समोर रिकामं रान आणि त्यात कोणीही नाही. ऊन उतरायला लागलं होतं. मी त्याला सांगितलं, माझं ठरलंय, उद्या हो म्हणणार आहे. आज सापडले तरी, आणि न सापडले तर मग काय प्रश्नच नाही. तो म्हणाला, "हं." मी म्हटलं, मी थकले रे यशवंता. तो पुन्हा म्हणाला, "हं."

मग झुडपांच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं. मी उठून धावायला लागले, तर त्याने पदर धरून खाली बसवलं. "धावलीस तर ते बिचकतील. ती विजेची तार आणि खांब बघ. खांबाच्या उजवीकडे, जरासा लांब. सरकतोय का?"

मी बघत राहिले. ठिपका खांबाच्या उजवीकडे होता. थोड्या वेळाने अजून तिथेच होता. नंतरही तिथेच, पण आता त्याला हात होते, आणि एका हातात डबा असल्यासारखी मूठ वळलेली होती.

"येतोय," मामा म्हणाला. तेव्हा कुठे त्याने माझा पदर सोडला.

आजोबा आले. आमच्याकडे ओळख नसल्यासारखं बघितलं आणि विचारलं, "शिफ्ट सुरू झाली का?"

मामा उठून अदबीने म्हणाला, "आज सुट्टी आहे, भावजी. चला, कापी पिऊया."

आजोबांनी क्षणभर विचार केला. महिनोन्‌महिने त्यांना माझं नाव आठवलं नव्हतं. ते म्हणाले, "बिसी असेल तरच."

दुसऱ्या दिवशी तुमच्या बाबांचा फोन आला तेव्हा मी रिसीव्हर उचलला. मामाने तो माझ्याकडून घेतला. "तू म्हणतोस ते बरोबर आहे, पुट्टा," तो म्हणाला. लहानपणचं लाडाचं नाव. "कुंपण चांगलंच असतं. पण भावजी कुठे जातात ते आता मला कळलंय. मी हुणसूर सोडतोय." मला त्याने हे आधी सांगितलं नव्हतं. फोन ठेवून तो मला म्हणाला, "तू झोप. किल्ली दे इकडे." त्या दुपारी मी जी झोपले, ती दिवे लागल्यावर उठले.

त्यानंतर दार कधी कुलपात राहिलं नाही. रोज दुपारी आजोबा घाईघाईने ड्यूटीवर निघत. मामा त्यांच्या मागून जात नसे. तो आधी पुढे जाऊन पायवाटेवर कुठेतरी बसायचा, आणि आजोबा तिथे पोचले की म्हणायचा, "आज सुट्टी आहे, भावजी." कधीकधी चुकायचाही. एकदा आजोबा वाटेत एका लग्नाच्या मांडवात जाऊन जेवायला बसले आणि मामा तासभर रिकाम्या बांधावर. "लग्नाचं गणितात धरलं नव्हतं," तो घरी येऊन म्हणाला. मी कितीतरी दिवसांनी हसले. आजोबा गेले ते आपल्या घरात, आपल्या खाटेवर, पावसाळ्यातल्या एका सकाळी. मामाने त्यांच्या कपाळावर हाताची पाठ ठेवली आणि बराच वेळ काढली नाही.

नंतर तो इथेच राहिला. आम्ही दोघं म्हातारी भावंडं, दिवसातून चार वेळा कापी. मग त्याच्या छातीत पाणी व्हायला लागलं. हॉस्पिटलात सतत एसी चालू. तो म्हणे, "अक्का, यांनी मला त्या अस्त्रातला कण समजून गार करायला ठेवलंय." मी थर्मासमधून कापी न्यायचे. शेवटच्या आठवड्यात ती प्यायची मनाई झाली. तरी मी लोट्यात ओतायचे. तो हाताची पाठ जवळ धरायचा, "हं, बरोबर आहे," म्हणायचा, आणि मग ती मी प्यायचे.

एका दुपारी तो खाटेसमोरच्या खिडकीकडे बघत पडला होता. बाहेर फक्त एक पाण्याची टाकी आणि आकाश. मी विचारलं, काय बघतोस?

"सरकत नाही, अक्का," तो म्हणाला.

मी टाकीकडे बघितलं. मग कळलं, तो टाकीबद्दल बोलत नव्हता. मी विचारलं, भीती वाटते का? "नाही. त्याचं गणित चांगलं आहे. स्टॉप आहे की नाही, तेवढं बघायचं." दोन दिवसांनी तो गेला.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण तुम्ही त्याला दोनदाच भेटलात आणि दोन्ही वेळा त्याने तुमचं दूध परत गरम करायला लावलं, एवढंच तुम्हांला आठवतं. लिहायला बरेच दिवस लागले. एका बैठकीत एका पानाहून जास्त लिहवत नाही आता. हाताची पाठ मात्र अजून कामात आहे; कापीवर माझाही निकाल तिच्यावरूनच असतो.

दर रविवारी तुम्ही फोनच्या त्या चौकोनात दिसता. इरा डावीकडे, निहार उजवीकडे, मागे तोच सोफा. इतकी वर्षं तुम्ही तिथून सरकला नाहीत, नुसते दर वेळी थोडे मोठे होता. बिसीमामाच्या नियमाने आपली भेट ठरलेली आहे. माझ्या खिडकीत अलीकडे आणखीही एक ठिपका सरकेनासा झाला आहे. त्याची चाल मला माहीत नाही. तुमची तुम्ही जरा वाढवा.